झाडबेडूक पाळलाय? आधी पाण्याकडे बघा

परदेशात मुलांच्या हट्टापायी घरी येणारा झाडबेडूक बऱ्याचदा ऑस्ट्रेलियन हिरवा झाडबेडूक असतो. गुबगुबीत, शांत, आणि नीट जपला तर 15 वर्षांहून जास्त जगणारा.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पाण्यात बसतो आणि पोटाच्या, मांड्यांच्या कातडीतून ते शोषून घेतो. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सरळ त्याच्या अंगात जातं. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण काही शहरांत पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारं जंतुनाशक) घालतात, ते असं जात नाही. म्हणून मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं डीक्लोरिनेटर, म्हणजे या दोन्हींचा असर घालवणारं औषध, बाटलीवरच्या मापाने पाण्यात घालाच. भांडं उथळ ठेवा आणि पाणी रोज बदला, कारण तो त्यातच शी करतो. भांडं गरम पाण्याने घासा, साबण नको.

हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर असेल तर त्याला अजिबात शिवू नका. उचलायचाच असेल तर स्वच्छ, ओल्या हातांनी. नंतर मुलांचे हात साबणाने धुवा, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका असतो.

खायला जिवंत रातकिडे, कॅल्शियमची पूड लावून. मोठ्या बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. लाडाने रोज भरवू नका, तो मिळेल तेवढं खातो. डोळ्यामागची कातडीची घडी डोळ्यावर झुकू लागली, की खाणं कमी करायची वेळ झाली.