बालगृहात सेवेला जाताय? आधी गादी शिवायला शिका

आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या पहिल्या सेवाफेरीला गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. सामानात फुगे, गाण्यांच्या वह्या आणि नाटुकल्याचे मुखवटे. पहिल्याच संध्याकाळी सात-आठ वर्षांची एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही गाण्यावाले की रंगवाले?" मला प्रश्नच कळेना. मग समजलं, त्या वर्षी आमच्याआधी बरेच गट येऊन गेले होते. कुणी गाणी शिकवली, कुणी भिंती रंगवल्या. जेवणघराची एकच भिंत तर तीनदा रंगली होती. पोरांनी आमची वर्गवारी करून ठेवली होती, आणि ती अगदी बरोबर होती.

आता गट मी नेते. त्यातून जे शिकले ते जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे, आणि नेणाऱ्यांसाठी जरा जास्तच.

फोन करून "आम्ही काय करू शकतो?" असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर "या हो, मुलांना बरं वाटेल" असंच म्हणणार. विचारायचं ते असं: "तुमच्या मावशींचं (म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बायांचं) कुठलं काम कायम मागे पडतं?" मी हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा पलीकडच्या अधीक्षकबाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग यादीच सांगायला लागल्या. उसवलेल्या गाद्या. कपड्यांवर नावं घालायची राहिलेली. वाचनालयाच्या कपाटात पानं सुटलेली पुस्तकं. पाण्याची टाकी. यात मुलांशी खेळणं कुठेच नव्हतं.

जागा निवडतानाही डोळे उघडे ठेवा. चांगली संस्था तुमचीच उलटतपासणी घेते: प्रत्येकाचं ओळखपत्र, पोलीस पडताळणी, सोबत जबाबदार मोठी माणसं किती, राहणार कुठे. जिथे कुणीही आत शिरून मूल उचलून घेऊ शकतं, किंवा "फिरायला घेऊन जा ना" असं आपणहून सुचवतात, तिथे जाऊ नका. पाहुण्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या काही ठिकाणी मुलं घरून आणून ठेवलेली असतात, हे आता जगाला माहीत आहे. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांवरच्या ठरावात अशा स्वयंसेवी फेऱ्यांमुळे होणाऱ्या हानीची दखल घेतली. जगभर अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. म्हणून आमच्या गटात 'अनाथ' हा शब्द बंद आहे. घरच्यांच्या भेटीचा दिवस कोणता, हेही आधीच विचारून घ्या आणि त्या दिवशी तिथे अजिबात जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही फाटकातून आत गेलात की दोन-तीन मुलं धावत येऊन गळ्यात पडतील. तुम्हाला वाटेल, किती लवकर जीव लावला! पण अनोळखी माणसाच्या मांडीवर लगेच जाऊन बसणं हे बरेचदा जिव्हाळ्याचं नव्हे, सतत बदलणाऱ्या हातांचं लक्षण असतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात म्हटलं होतं की लहान मुलाला आईशी, किंवा आईच्या जागी कायम असलेल्या माणसाशी, ऊबदार, जवळचं आणि अखंड नातं लागतं. आपण ऊबदार असू. अखंड नसतो, आपली परतीची तिकिटं काढलेली असतात. ते नातं मावशींचं. आपण त्यांचे हात मोकळे करायचे, म्हणजे त्या मुलांजवळ बसू शकतील.

म्हणून गाद्या. जाड सुई, दुहेरी दोरा, आणि दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही. कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला असेल तर शिवण थोडी आणखी उसवून तो हातानं पसरवायचा, मगच टाके घालायचे. निघण्याआधी घरी एक जुनी उशी शिवून बघा. कपड्यांवर नाव घालताना कॉलरच्या आतल्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईनं. हे काम किरकोळ समजू नका. जिथे सगळं सामायिक असतं तिथे स्वतःच्या नावाचा सदरा ही मोठी मालमत्ता असते.

मुलांबरोबर वेळ मिळाला तर गृहपाठ घ्या, तोही मोठ्या मुलांचा, उघड्या खोलीत, संस्थेचं माणूस समोर असताना. बंद दाराआड एका मुलाबरोबर एकट्यानं कधीही नाही. अंघोळ घालणं, कपडे बदलणं आपलं काम नव्हे. फोन सकाळीच एका पिशवीत जमा करायचे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं सोळावं कलम मुलाच्या खासगीपणाचं आहे, पण कलम माहीत नसलं तरी एवढं कळायला हरकत नाही की आपली लहानपणची अडचण कुणा परक्याच्या फोनमध्ये राहावी असं कुणालाच वाटत नाही.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायची, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, सवय असते. मुलांकडून मात्र साक्ष काढू नका. "तू इथे कसा आलास?" हा प्रश्न बंद. संध्याकाळच्या प्रार्थनेला मागे बसा, सांगितलं तरच पुढे या. आणि खाऊ व प्रार्थना यांची सांगड कधीही घालू नका. भुकेल्या मुलाचं 'आमेन' कशाला हवं?

माझी चूक सांगते. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी निघताना माझी केसांची क्लिप दिली. एकटीलाच. रात्री खोलीत बावीस मुली आणि एक क्लिप. मारामारी झाली, आणि मावशींना ती क्लिप काढून घ्यावी लागली. म्हणजे भेट माझी आणि वाईटपणा त्यांचा. तेव्हापासून जे द्यायचं ते अधीक्षकांच्या हाती, नाव न घालता. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये हे बायबलमध्ये मत्तयाच्या सहाव्या अध्यायात लिहिलेलं आम्ही पाठ केलं होतंच.

जायचा दिवस पहिल्याच संध्याकाळी फळ्यावर लिहा. "परत येईन" म्हणू नका, तारीख ठरली असेल तरच सांगा. निरोपाचा कार्यक्रम नको, रडारड तर नकोच. तुम्ही बसमध्ये बसून मोकळे होता, त्या रात्री मुलांना शांत करायला मावशी जागतात.

बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्यायला सांगितलं आहे. मराठीत 'समाचार घेणे'चे दोन अर्थ होतात, आणि काही सेवाफेऱ्या पाहिल्या की दुसराच अर्थ आठवतो. मूळ ग्रीक शब्दात मात्र नुसतं भेटणं नाही, देखरेख करणंही आहे. त्यामुळे आम्ही दरवर्षी नवी जागा शोधत नाही, त्याच एका ठिकाणी जातो.

गेल्या वेळी परतल्यावर उपासनेनंतर आम्ही फोटो दाखवले: गाद्या, आधीच्या आणि नंतरच्या. मागच्या बाकावरून एका काकांनी विचारलं, "मुलं कुठेयत?"

"मावशींजवळ, अभ्यासाला बसली होती," आमच्यातला एक जण म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी जाड दोऱ्याची सहा रिळं आणून दिली.