घरासाठी पिस्तूल घ्यायचंय? आधी रात्री घरी कोण असतं ते बघा

मे महिन्यात नागपुरात रात्री दोन वाजता कुणी मागच्या दाराची कडी कापली, तरी आपल्याला पत्ता लागायचा नाही. हॉलमधला कूलर ट्रॅक्टरसारखा चालू असतो. हवा खेळती राहावी म्हणून समोरची एक खिडकीही आपणच उघडी ठेवलेली असते. चोराला आणखी काय पाहिजे?

म्हणून पिस्तुलाचा विचार करण्याआधी त्या खिडकीला जाड गज बसवा, मागच्या दाराला आतून आडणा लावा आणि अंगणात माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा टाका. चाहूलच लागली नाही, तर उशाखालची बंदूक तुमच्याआधी चोराच्या हाती लागते. एवढं करूनही हत्यार हवंच असेल, तर पुढे वाचा.

परवाना कोणाच्या नावावर?

माझ्या साळ्याचं घर नागपूरजवळच्या बेसाकडे आहे. फिरतीची नोकरी, महिन्यातले पंधरा दिवस गोंदिया-चंद्रपूर. बायको एकटी असते म्हणून त्याला रिव्हॉल्व्हर पाहिजे होतं. अर्ज मात्र भरत होता स्वतःच्या नावाचा! मी म्हटलं, बाप्पा, तू गोंदियाला असताना ते कोण चालवणार? परवाना घराला मिळत नाही, माणसाला मिळतो. नवऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र बायकोने एकटीने बाळगलं, तर तो शस्त्र कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो. मग अर्ज वहिनींच्या नावाने झाला. बहुतेक घरांत चूक नेमकी इथेच होते.

अर्जदाराचं वय किमान २१ हवं. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो आणि आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर जिल्हाधिकारी कार्यालयातून. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नमुना ए-१ मधला अर्ज, शारीरिक-मानसिक प्रकृतीचा वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यानंतर पोलीस पडताळणी. कारण लिहिताना ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढ्यावर भागवू नका. धमकी आली असेल, घरफोडी झाली असेल, तर तक्रारीची प्रत जोडा. परवाना हा हक्क नाही. नाकारला तर कारण लेखी मागता येतं आणि शस्त्र कायद्याच्या कलम १८ खाली अपीलही करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे.

कट्ट्याचा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तुलाचा, विचार मनातही आणू नका. तुरुंग तर आहेच, शिवाय तो कधी हातातच फुटेल याचा नेम नाही.

दुकानात काय मिळतं

परदेशी सिनेमातलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल विसरा. आपल्याकडे तो बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, सामान्य माणसाला निषिद्ध आहे. घरच्या संरक्षणासाठी व्यवहारात उरतो .३२ बोअर. परदेशी हत्यारांची आयात सामान्य नागरिकांसाठी १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे जुनं विलायती पिस्तूल कुणी विकायला काढलंच तर त्याचा भाव ऐकून घाम फुटतो.

आपल्या नागपुरात एक समज पक्का आहे: ‘डिफेन्समध्ये आपला माणूस आहे, अंबाझरीच्या फॅक्टरीतून काढून देईल.’ अंबाझरीच्या त्या सरकारी आयुध निर्माणीत पिस्तुलं बनतच नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ ला असे कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरात आहे खरं, पण रिव्हॉल्व्हरचं गाव म्हणजे कानपूर. २०१४ मध्ये आलेलं हलकं ‘निर्भीक’ तिथलंच, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ‘अशनी’ हे .३२ चं पिस्तूल बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रिव्हॉल्व्हरही .३२ आणि पिस्तूलही .३२, पण दोघांची काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं लांब, बुडाला कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात घालायचं नाही. काडतुसं घेताना डबीवरचा मजकूर वाचा. बुडावर ‘केएफ’ दिसलं तर ते आपल्या पुण्याजवळच्या खडकीचं.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

माझं मत विचाराल तर, महिन्यातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर न जाणाऱ्या माणसाने रिव्हॉल्व्हरच घ्यावं. फिरत्या चक्रात सहा घरं, सहा गोळ्या. एक गोळी नाही उडाली तर पुन्हा ट्रिगर दाबा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात गोळ्या एक-दोन जास्त बसतात आणि ते कपड्याखाली सपाट राहतं. पण घरात ते कोणाच्या कपड्याखाली ठेवायचंय? शिवाय मॅगझिन (मुठीतला गोळ्यांचा खण) नीट बसलं का, सेफ्टी कुठे आहे, गोळी अडकली तर स्लाइड (वरचा सरकता भाग) कशी ओढायची, हे सगळं झोपेतून उठलेल्या माणसाला आठवायला हवं. नियमित सराव असेल तर पिस्तूल खुशाल घ्या.

मग येतो हाताचा प्रश्न. वहिनींचा परवाना आल्यावर आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने चक्र उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एका बोटाने ट्रिगर ओढून पाहिला, मग दुसऱ्या हाताचं बोटही लावलं. ‘भाऊजी, हे तर दाबल्या जात नाही!’ घोडा, म्हणजे मागचा हातोडा, मागे ओढलेला नसताना रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड जातो, तो जड असतोच. घोडा अंगठ्याने मागे ओढला की हलका होतो, पण घाबरलेल्या हाताला इतका हलका ट्रिगर धोक्याचा. म्हणून जडच ओढून बघायचा: दुकानदाराला विचारून, रिकाम्या हत्याराने, कोणी नाही अशा भिंतीकडे रोखून, सलग दहा वेळा. सहाव्या-सातव्या वेळी नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायचा उंचवटा) डोलायला लागली तर ते हत्यार तुमचं नाही. वहिनींनी तिसरं घेतलं. दिसायला सगळ्यात बोजड, पण मूठ त्यांच्या तळव्यात बसली आणि बोटाचं पेर ट्रिगरवर बरोबर आलं.

वजनाचा मोह टाळा. हलकं हत्यार बॅगेत बरं वाटतं, पण गोळी उडाल्यावर हातात जास्त उसळतं. घरात ठेवायचं तर थोडं वजन फायद्याचंच.

जुनं घेत असाल तर हत्यारावरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नंबराशी ताडून पाहा. रिकामं असल्याची खात्री करून चक्र बोटांनी हलवा, खडखडत असेल तर ठेवून द्या. नळीत टॉर्च मारा. गंजाचे खड्डे दिसले तर भाव कितीही पाडून मिळाला तरी नको.

ठेवायचं कुठे

गोदरेजच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली नाही. पोरांना ती जागा तुमच्याआधी माहीत असते. भिंतीत बोल्टने कसलेला, आकड्यांवर उघडणारा छोटा लोखंडी लॉकर घ्या आणि आकडा फक्त परवानाधारकाला माहीत असू द्या. चामड्याच्या म्यानात ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि दोन महिन्यांत पोलादावर तांबूस ठिपके उमटतात. तेलाचा हलका हात फिरवून मऊ कापडात ठेवा. निवडणुकीच्या आचारसंहितेत पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं तर जमा करून पावती घ्या. आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची हौस असलेल्या भाच्याला आधीच सांगून ठेवा: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गोळी कधी

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ४१ मध्ये जबरी चोरी आणि सूर्यास्त ते सूर्योदयादरम्यानची घरफोडी अशा प्रसंगी मालमत्तेच्या बचावाचा हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ ची लगाम आहे: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर कोर्टात तुम्ही आरोपी. अंधारात दिसलेली आकृती कोण आहे हे टॉर्चने पाहिल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. रात्री उशिरा परतलेला नवराही आकृतीसारखाच दिसतो.

हत्यार घरी आलं की रंगीत तालीम करा. रिव्हॉल्व्हर रिकामं, काडतुसं दुसऱ्या खोलीत. वहिनींनी एका रात्री दिवे घालवून केली. पहिल्या खेपेला त्या थेट लॉकरकडे धावल्या. अंधारात आकडा दोनदा चुकला आणि साळ्याने मागच्या दारावर मारलेल्या थापा कूलरच्या आवाजात त्यांना ऐकूच आल्या नाहीत. आता त्यांचा क्रम ठरलाय: आधी कूलर बंद, मग मुलाची खोली, आतून कडी, ११२ ला फोन. लॉकर त्याच खोलीत हलवलाय, आणि तो उघडायचा या सगळ्यानंतर.