गव्हाशिवाय पुरणपोळी: सिलिॲक असलेल्यांसाठी घरची पद्धत

सिलिॲक आजाराचे निदान झाले की डॉक्टर गहू आयुष्यभरासाठी बंद करतात आणि घरातल्यांना पहिल्या काही दिवसांत पोळी-भाकरीचा हिशेब जुळवावा लागतो. भाकरी, भात, घावन, आंबोळी यांवर रोजचे जेवण निभावते. खरी अडचण होळीला किंवा पोळ्याला येते, कारण लहानपणापासून पुरणपोळी खाल्लेल्या माणसाच्या ताटात त्या दिवशी दुसरे काहीतरी गोड वाढून भागत नाही. माझ्या भाच्याला हा आजार असल्यामुळे आमच्या घरी गव्हाशिवाय पुरणपोळी करण्याची पद्धत हळूहळू बसत गेली आणि ती येथे शक्य तितक्या तपशिलाने मांडली आहे.

आधी हे लक्षात घ्यावे की ज्याला आपण पुरणपोळीची चव म्हणतो, ती जवळजवळ सगळी पुरणात असते. हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, जायफळ आणि वरून ओतलेले साजूक तूप यांतल्या कशातही ग्लुटेन, म्हणजे सिलिॲकमध्ये बाधणारे गव्हातले प्रथिन, नसते. ते असते फक्त बाहेरच्या पारीत. म्हणजे बदलायची आहे ती पारी, आणि तिथे बहुतेकांची वाट चुकते. गव्हाच्या कणकेऐवजी ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ घेऊन ते थंड पाण्यात सैल भिजवायचे, तेलात तिंबायचे आणि नेहमीसारखे पुरण भरून लाटायचे, असा प्रयत्न केला तर पोळी फाटणारच. गव्हातली प्रथिने पाण्यात मळल्यावर एकमेकांत गुंतून ताणले जाणारे जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यामुळेच मूठभर पुरण पातळ पारीत मावते. ज्वारी-तांदळासारख्या धान्यांत हे जाळे होत नाही, मग पीठ कितीही मळले तरी उपयोग नसतो.

कोकणात या अडचणीचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. उकडीचे मोदक, पातोळ्या आणि शिरवाळे तांदळाच्या पिठाचेच होतात आणि फाटत नाहीत, कारण ते पीठ उकळत्या पाण्यात शिजवून घेतलेले असते. उष्णतेने पिठातले पिष्ट (स्टार्च) पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि ग्लुटेनचे काम बऱ्याच अंशी तेच करते. तेव्हा पुरणपोळीची पारीही कणकेची न करता उकडीची करावी, आणि लाटण्याची रीतही उकडीला मानवेल अशी ठेवावी. पुढची सगळी कृती याच एका गोष्टीवर उभी आहे.

साहित्याआधीची काळजी

ज्यांना गहू केवळ पचायला जड जातो आणि ज्यांना सिलिॲक आहे, त्यांच्यासाठी लागणारी काळजी सारखी नाही. सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते, आणि त्रास जाणवला नाही तरी इजा होत राहू शकते. भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात १ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. पाव ग्रॅम कणीक, म्हणजे जेमतेम एक चिमूट, त्यात साधारण २० ते २५ मिलिग्रॅम ग्लुटेन असते. ती चिमूट ४०० ग्रॅम उकडीत मिसळली तरी ही मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली जाते. ‘थोडेसे चालते’ हे वाक्य म्हणूनच या घरात कोणी उच्चारू नये, मग पाहुणे कितीही आग्रही असोत.

खपली गव्हाबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण अलीकडे तो ‘पचायला हलका’ म्हणून सगळीकडे सुचवला जातो. लोकवन असो, सिहोर असो, बन्सी असो वा खपली, गहू तो गहूच आणि त्यात ग्लुटेन असतेच. रवा, मैदा, दलिया आणि शेवया हीदेखील गव्हाचीच रूपे आहेत. जवातही ग्लुटेन असते, आणि सातूच्या पिठात घरोघरी गहू किंवा जव घालतात, म्हणून तेही वर्ज्य समजावे.

ज्वारी आणि तांदूळ स्वतः निर्धोक असले तरी गिरणी निर्धोक नसते. ज्या जात्यावर आपल्या आधी कोणाचे गहू दळले गेले, त्याच जात्यातून निघालेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ येतेच. गिरणीवाल्याने आधी मूठभर तांदूळ फिरवून दिले तरी त्यावर विसंबू नये. घरी गव्हाला कधीही न लावलेली घरघंटी असेल तर उत्तम, नाहीतर ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेले बंद पाकिटातले पीठ घ्यावे. हरभऱ्याची डाळ सुटी न घेता पाकिटातली घ्यावी, ताटात पसरून निवडावी, कारण तिच्यात गव्हाचा दाणा सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि तीन-चार पाण्यांनी धुवावी. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या रेषांत आणि भेगांत जुने पीठ बसलेले असते व ते धुऊन पूर्ण जात नाही, म्हणून या कामासाठी वेगळे लाटणे आणि स्टीलचा किंवा दगडी पोळपाट ठेवावा. तवा, पिठाची चाळणी आणि पुरणयंत्रही वेगळे असावे.

पुरण

सात-आठ पोळ्यांसाठी १५० ग्रॅम हरभऱ्याची डाळ आणि १२० ग्रॅम चिरलेला गूळ घ्यावा. एरवी आपण डाळीइतकाच गूळ घेतो. येथे तो मुद्दाम थोडा कमी ठेवला आहे, कारण गुळाने पुरण सैल होते आणि उकडीच्या पारीला सैल पुरण अजिबात पेलवत नाही. डाळ तासभर भिजवून, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवावी. डाळ बोटाने दाबल्यावर सहज मोडली पाहिजे, पण तिचे वरण होता कामा नये. मग ती चाळणीत ओतून कट पूर्ण निथळू द्यावा. हा कट फेकू नये, त्याची आमटी करायची आहे.

निथळलेली डाळ आणि गूळ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मध्यम आचेवर सतत ढवळावे. गूळ विरघळल्यावर मिश्रण आधी पातळ होईल, मग हळूहळू आळत जाईल. नेहमीच्या पुरणात कालथा उभा राहिला की आपण गॅस बंद करतो. या पोळीसाठी त्यानंतर आणखी दोन-तीन मिनिटे परतावे, म्हणजे पुरण पातेल्याच्या कडा सोडून गोळा होऊ लागते. उतरवताना वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ घालावे आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावे, कारण गार पुरण वाटले जात नाही आणि डाळीचा एकही अख्खा दाणा राहिला तर तो लाटताना पारी फाडतो. जायफळ अख्खे आणून घरी किसावे. तयार पूड कशाबरोबर दळली गेली हे आपल्याला कळत नाही.

पुरण पूर्ण गार झाल्यावर त्याचे लिंबाएवढे, साधारण ५० ग्रॅमचे गोळे करावेत. गोळा हाताला न चिकटता वळला गेला तर पुरण जमले. तो बसकट होत असेल तर पुरण पुन्हा पातेल्यात घालून परतावे.

उकड

पारीसाठी १०० ग्रॅम तांदळाचे पीठ, ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ आणि दोन लहान चमचे इसबगोल घ्यावे. तांदूळ आंबेमोहोरासारखा चिकट असावा आणि पीठ मोदकाच्या पिठाइतके बारीक असावे. नुसत्या तांदळाची पारी पांढरी, गुळगुळीत होते, पण तिला पोळीचा खमंगपणा येत नाही आणि ती मोदकाच्या वळणावर जाते. ज्वारीने भाजल्यावर तो खमंगपणा येतो. ज्वारीचे पीठ ताजेच हवे, कारण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. नाचणी वापरून पाहायला हरकत नाही, पण तिची स्वतःची चव इतकी ठाम असते की पुरण मागे पडते, आणि माझ्या मते या पदार्थात ते योग्य नव्हे. इसबगोल मात्र वगळू नये. ते पाण्यात फुगून लवचीक होते आणि उकडीला जो थोडा ताण हवा असतो तो देते. त्यावरही गव्हाबाबतची सूचना आहे का, हे पाकिटावर पाहून घ्यावे.

साधारण २६० मिलिलिटर पाणी, पाव चमचा मीठ आणि एक मोठा चमचा तूप एकत्र उकळावे. पिठे आणि इसबगोल कोरडेच नीट मिसळून घ्यावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आच मंद करून मिश्रण एकदम ओतावे, लाटण्याच्या टोकाने झटपट ढवळावे आणि झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ आणावी. गॅस बंद करून झाकण न काढता दहा मिनिटे तसेच ठेवावे. ही दहा मिनिटे वाचवू नयेत, कारण त्या वेळातच इसबगोल पाणी ओढून घेते आणि पिठाचा कच्चेपणा जातो.

नंतर उकड परातीत काढून, हात पाण्यात आणि तुपात बुडवत, सोसवेल तितकी गरम असतानाच पाच-सात मिनिटे मळावी. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडत असतील तर चमचाभर गरम पाणी घालून पुन्हा मळावे. पिठापिठात फरक असतो, त्यामुळे पाण्याचे माप थोडे पुढेमागे होईल. भेगा न पडणे हीच खरी खूण धरावी. मळलेली उकड ओल्या कापडाखाली झाकून ठेवावी आणि लागेल तशी काढावी.

भरणे, लाटणे, भाजणे

गव्हाच्या पुरणपोळीत पारीच्या दुप्पट पुरण भरणे हे सुगरणीचे कौशल्य मानले जाते. येथे पुरण आणि उकड सारख्या वजनाची घ्यावी आणि पोळी सहा इंचांपेक्षा मोठी करू नये. उकडीच्या गोळ्याची मोदकासारखी पारी करून, आत पुरणाचा गोळा ठेवून तोंड नीट बंद करावे. केळीच्या पानाला किंवा जाड प्लॅस्टिकच्या कागदाला तूप लावून त्यावर हा उंडा ठेवावा, वरून तसाच दुसरा तुकडा घालावा आणि आधी तळहाताने दाबत तीन-चार इंचांपर्यंत पसरवावा. त्यानंतरच लाटणे हातात घ्यावे, आणि तेही मधून कडेकडे, हलक्या हाताने फिरवावे. पोळी नेहमीच्या पोळीपेक्षा जाड, सुमारे अर्धा सेंटिमीटर राहील. विदर्भातल्या भरपूर पुरणाच्या जाड पोळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना ही जाडी परकी वाटणार नाही.

पारी करणे जमत नसेल तर उकडीच्या दोन पातळ चकत्या लाटाव्यात, एकीवर पुरणाची चपटी चकती कडा सोडून ठेवावी, दुसरी वरून घालून कडा ओल्या बोटाने दाबून बंद कराव्यात आणि एकदाच हलके लाटणे फिरवावे. दिसायला ही पोळी थोडी ओबडधोबड होते, पण ती फुटत नाही, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी असे मी सुचवीन.

तवा मध्यम तापवून तूप लावावे. वरचे पान काढून पोळी खालच्या पानासकट तव्यावर उलटी घालावी आणि मग पान अलगद सोडवावे. कडा तव्यापासून सुटू लागेपर्यंत तिला हात लावू नये. रुंद कालथ्याने एकदाच उलटावी, दुसरी बाजू खरपूस डागांपर्यंत भाजावी आणि दोन्हीकडून तूप सोडावे. आच मोठी झाली तर कुठेतरी बाहेर आलेला गूळ जळतो आणि कडवटपणा सगळ्या पोळीत उतरतो.

राखणे आणि वाढणे

ही पोळी गरमच खावी. तांदळाचे पिष्ट गार होताना पुन्हा आवळते आणि पारी कडक होते. फ्रिजमध्ये तर ही क्रिया अधिक वेगाने होते. पुरण मात्र फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगले राहते, म्हणून ते आदल्या दिवशी करून ठेवावे आणि उकड ऐनवेळी काढावी. डब्यात द्यायचीच असेल तर पोळी तूप लावून सुती कापडात गुंडाळावी आणि खाण्यापूर्वी दोन मिनिटे वाफवून घ्यावी, म्हणजे ती पुन्हा मऊ होते.

घरात गव्हाच्या पोळ्याही करायच्या असतील तर उकडीच्या पोळ्या आधी कराव्यात आणि झाकून दूर ठेवाव्यात, कारण कणकेचे पीठ हवेत उडून ओट्यावर बसते. आमच्याकडे सणाच्या दिवशी आता गहू काढतच नाहीत. नैवेद्य, घरचे आणि पाहुणे सगळ्यांना एकच पोळी असते, आणि ताटात वेगळे वाढलेले पाहून मुलाच्या मनाला जे लागते ते टळते.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ग्लुटेन नसलेली पोळी साखरेच्या दृष्टीने हलकी नसते. सिलिॲकबरोबर टाइप १ मधुमेह असणारे अनेक जण आहेत, त्यांनी गूळ आणि तांदूळ दोन्ही हिशेबात धरून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. आणि ज्यांना सिलिॲकचा नुसता संशय आहे, त्यांनी तपासणीपूर्वी स्वतःहून गहू सोडू नये, कारण गहू बंद केल्यावर रक्ताची तपासणी आणि आतड्याची बायोप्सी खरे चित्र दाखवत नाही.

उरला तो कट. कटाची आमटी करताना सगळे लक्ष पोळीकडे लागलेले असते आणि फोडणीत हात सवयीने हिंगाच्या डबीकडे जातो. बाजारातल्या बहुतेक बांधणी हिंगात मैदा किंवा गव्हाचे पीठ घातलेले असते, गोड्या मसाल्यातही तोच हिंग असतो. या आमटीसाठी खडा हिंग किंवा तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणावा, नाहीतर हिंग पूर्ण वगळून जिरे, कढीपत्ता, सुके खोबरे, लवंग, दालचिनी यांची फोडणी व वाटण घालावे, आणि मसाला घरी, याच हिंगाने कुटलेला वापरावा.