मुंबईतली स्पोर्ट्स कार: चालवावी की झाकून ठेवावी?

स्पोर्ट्स कार घेतल्यानंतरचे नवलाईचे दिवस सरले की बहुतेक मालकांना एक प्रश्न छळू लागतो: मुंबईच्या रस्त्यांवर ही गाडी काढावी, की कव्हर घालून पार्किंगमध्येच जपून ठेवावी? खड्डे, घासून जाणाऱ्या रिक्षा आणि सिग्नलला गाडीला टेकून फोटो काढणारी मंडळी पाहिली की ती झाकून ठेवणेच शहाणपणाचे वाटते. माझे मत याच्या उलट आहे. समुद्राला लागून असलेल्या या शहरात उभी गाडीही खराब होतच असते, फक्त ते मालकाच्या लक्षात उशिरा येते. त्यामुळे गाडी चालवावीच. मात्र ती कोणत्या महिन्यांत, कोणत्या वेळी आणि किती अंतर चालवायची, हे आधी ठरवून घ्यावे.

सुरुवातीला पैशाचा मुद्दा निकालात काढू, कारण 'किलोमीटर वाढले की किंमत पडते' या धास्तीनेच बहुतेक गाड्या धूळ खात पडतात. विम्याच्या हिशेबात गाडीचे घोषित मूल्य तिच्या वयावरून ठरते. रूढ तक्त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षभरात पंधरा, दोन वर्षांत वीस आणि पाच वर्षांत पन्नास टक्के घट धरली जाते. त्यानंतरचे मूल्य मालक आणि विमा कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवायचे असते. या हिशेबात ओडोमीटरला, म्हणजे चाललेल्या किलोमीटरना, स्थान नाही. पुनर्विक्रीच्या बाजारात कमी किलोमीटरचा भाव निश्चितच मिळतो, पण जाणकार खरेदीदार सहा वर्षांत दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी पाहतो, तेव्हा सुकलेली सील, जुने टायर आणि चिकटलेले ब्रेक यांचा खर्च मनातल्या मनात वजा करूनच भाव सांगतो. मोजक्या संख्येने बनलेल्या, संग्राहकांच्या गाड्यांना वेगळा न्याय लावावा लागतो. त्यांच्याबाबतीत उभे ठेवणे समर्थनीय आहे, पण त्यासाठी वातानुकूलित, कोरडी जागा हवी. सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या उघड्या पार्किंगमध्ये, ते साधत नाही.

गाडी विंटेज होईपर्यंत सांभाळण्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी 2021 मधले केंद्रीय नियम वाचावेत. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राहिलेल्या गाडीलाच विंटेज नोंदणी मिळते आणि त्यानंतर ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे अर्धशतक थांबायचे आणि शेवटी रोजच्या वापराची मुभाच गमवायची!

उभ्या गाडीचे काय होते

पावसाळ्यात मुंबईच्या हवेतील आर्द्रता बराच काळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि साधारण साठ टक्क्यांच्या पुढे लोखंड गंजण्याचा वेग झपाट्याने वाढतो. त्यात वरळी, दादर, वांद्रे, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हवेतल्या मिठाची भर पडते. याचा पहिला पुरावा ब्रेकच्या डिस्कवर दिसतो. पावसाळी रात्रीनंतर डिस्कवर चढणारा नारिंगी थर पहिल्या चार-सहा ब्रेकमध्ये खरखर आवाज करत निघून जातो आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र गाडी दोन महिने जागेवरून हललीच नाही, तर पॅड जिथे टेकलेले असते तिथे त्याच्या आकाराचा डाग उमटतो, डिस्कच्या कडेला खडबडीत काठ तयार होतो आणि नंतर ब्रेक दाबताना पेडलला थरथर जाणवते. अशी डिस्क घासून घ्यावी लागते किंवा बदलावी लागते, आणि आयात गाडीसाठी ती मागवण्यात पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा छापलेला असतो; त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कोरी असली तरी रबर वयानुसार कडक होते, आणि सहा वर्षांपुढच्या टायरवर जोरकस गाडी चालवणे मला धोक्याचे वाटते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, म्हणून ते किलोमीटर न पाहता दर दोन वर्षांनी बदलावे. इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावे, मग गाडी पाचशे किलोमीटर चाललेली असो की पाच हजार.

उंदीर आणि घुशी हा तर मुंबईच्या पार्किंगमधला कायमचा उपद्रव आहे. उभ्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात कागद, थर्माकोल आणि चिंध्या यांचे घरटे सापडणे ही मेकॅनिकच्या लेखी रोजची गोष्ट असते. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी बॉनेट उघडून, टॉर्च घेऊन फिल्टरचा डबा आणि वायरिंग पाहावे.

या सगळ्यावर उपाय म्हणून ड्रायव्हरला किंवा वॉचमनला किल्ली देऊन गाडी रोज पाच मिनिटे 'चालू करून ठेवायला' सांगण्याची पद्धत सर्रास दिसते. ती आधी बंद करावी. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन नीट तापले, तर ही वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत ती सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठून राहते. शिवाय थंड इंजिनात जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि बॅटरीने सुरू होताना जी शक्ती खर्च केली तीही भरून निघत नाही. गाडी सुरू केली तर चालवावीच, नाहीतर हात लावू नये.

कधी आणि कुठे चालवावी

ऑक्टोबर ते मे या काळात दर पंधरा दिवसांनी एक फेरी, आणि ती निदान चाळीस-पन्नास किलोमीटरची, एवढे पथ्य पुरेसे आहे. कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) काटा पाच-सात मिनिटांत मध्यावर येतो, पण ऑइल पूर्ण तापायला पंधरा-वीस मिनिटे सलग धावावे लागते, आणि तोपर्यंत इंजिन जोरात पळवू नये. या दृष्टीने मरीन ड्राइव्हहून कोस्टल रोड धरून सागरी सेतूने वांद्र्याला जाणे सुखद असले तरी ते अंतर फार लवकर संपते. शिवडीहून 21.8 किलोमीटरचा अटल सेतू ओलांडून चिर्ले, तिथून पनवेल आणि वाटल्यास द्रुतगती मार्गाने खोपोलीपर्यंत, हा मार्ग इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक या तिघांनाही मानवतो. रविवारी पहाटे साडेपाचला निघावे आणि आठच्या आत परतावे. अटल सेतूवर कारसाठी ताशी 100 किलोमीटरची आणि कोस्टल रोडच्या सरळ भागात 80 ची मर्यादा आहे, आणि वेग टिपणारे कॅमेरेही आहेत. बदललेले, कानठळ्या बसवणारे सायलेन्सर लावून कोस्टल रोडवर पहाटे धावणाऱ्यांमुळे त्या परिसरातल्या रहिवाशांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत, आणि त्या रास्त आहेत.

संध्याकाळी सहाला एस. व्ही. रोडवर किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर ही गाडी नेणे याला मात्र मी चालवणे म्हणत नाही. तासभर पावलापावलाने सरकताना क्लच झिजतो, इंजिन तापते आणि गाडी घेण्यामागचा आनंद तर उरतच नाही.

बहुतेक स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीपासून दहा ते तेरा सेंटिमीटरच वर असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, पण गल्लीबोळांतले गतिरोधक अरुंद आणि टोकदार असतात. ते तिरके ओलांडावेत, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल. पुढची उंची वाढवण्याची सोय असल्यास ती वापरावी. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट आधी दुसऱ्या गाडीने जाऊन पाहावी. यांत्रिक स्टॅक पार्किंग (यंत्राने गाड्या एकावर एक ठेवणारे) मिळाले असेल, तर प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी बंपर घासतो का हे वॉचमनला बाजूला उभे करून तपासावे, आणि जमल्यास शेजाऱ्याशी अदलाबदल करून जमिनीवरची जागा मिळवावी.

समुद्रावरून आल्यावर गाडी खालच्या बाजूनेही गोड्या पाण्याने धुवावी. धुतल्यावर लगेच कव्हर घालू नये. दोन-तीन किलोमीटर फिरवून ब्रेक कोरडे करावेत.

पावसाळ्याचे चार महिने

जून लागण्याआधी गाडी बसवून ठेवण्याची तयारी करावी. पाऊस उघडून दोन दिवस रस्ते कोरडे राहिले, तर बाहेर काढायला हरकत नाही, पण साचलेल्या पाण्यात तिला कधीही घालू नये. इंजिनासाठी हवा घेणारे तोंड खाली असल्याने सिलिंडरमध्ये पाणी शिरायला वेळ लागत नाही, आणि त्यानंतर इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तर इंजिनाच्या नुकसानीची भरपाई साध्या सर्वंकष विम्यातून बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घ्यावे लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळघरांतल्या गाड्यांचे काय झाले ते अनेकांना आठवत असेल. पार्किंग तळघरात असेल, तर हे चार महिने गाडी वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे पुण्याला हलवणे उत्तम.

ठेवताना गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सहा पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा जास्त भरावी, पण टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. हँडब्रेक लावू नये, कारण पॅड चिकटतात. गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. टाकी जवळपास भरलेली ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतली वाफ पेट्रोलमध्ये उतरणार नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी शोषते, त्यामुळे टाकीत पेट्रोल स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे रसायन) घालावा. 2023 पूर्वीच्या गाडीला किती इथेनॉल चालते ते टाकीच्या झाकणामागच्या लेबलवर पाहावे. कव्हर कापडी आणि हवा खेळणारे असावे. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली घाम धरतो आणि सीटवरच्या चामड्याला बुरशी येते.

बॅटरीसाठी मेंटेनर चार्जर, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी सतत भरलेली ठेवणारा चार्जर, हा सगळ्यात उपयोगी खर्च आहे. अडचण एवढीच की पार्किंगमध्ये सॉकेट नसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज देऊन स्वतःच्या मीटरवरून, एमसीबीसह (बिघाड होताच वीज तोडणाऱ्या स्विचसह) वेगळा पॉइंट घ्यावा; जिन्याच्या दिव्याच्या वायरला जोडून घेतलेला चोरटा पॉइंट पुढच्या सर्वसाधारण सभेत हमखास निघतो. ते जमलेच नाही, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी, मात्र त्याआधी रेडिओचा कोड आणि इलेक्ट्रिक बूट हाताने कसे उघडते ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे.

पंधरा दिवसांतून अडीच तास काढणे वर्षभर जमणार नसेल, किंवा कोरडी बंदिस्त जागा मिळणारच नसेल, तर गाडी विकून टाकावी, आणि तिचे टायर व बॅटरी शाबूत असतानाच विकावी. ग्राहक सर्व्हिसची फाइल, दुसरी किल्ली आणि विम्याचे क्लेम पाहतो. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण कोणी करायचे हेही आधीच बोलून घ्यावे, कारण आयात गाडीसाठीचे शुल्क देशी गाडीच्या कित्येक पट आहे. आणि नोंदणी खरेदीदाराच्या नावावर झाल्याची ऑनलाइन खात्री होईपर्यंत विमा बंद करू नये.