उन्हानं मेलेला गाडीचा रंग: घरी काय होतं आणि कुठं पेंटरच लागतो

यवतमाळकडच्या आमच्या गावात गाडीला गॅरेज म्हणजे कडुनिंबाची सावली. ती सावलीही दुपारी दोननंतर सरकते आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत टपाचा पत्रा असा तापतो की हात ठेववत नाही. माझी लाल गाडी अशीच सहा उन्हाळे उभी राहिली. टप गुलाबी पडला, बॉनेटवर पांढुरके डाग आले. मी बाजारातून पॉलिशचा डबा आणून दोन रविवार खांदे दुखेपर्यंत घासलं. शेवटी ओळखीचा पेंटर बॉनेटकडे बघून म्हणाला, "काऊन घासून राहिले भाऊ? क्लिअर उतरलं हे. आता घासाल तर खालचा रंगही जाईल."

तेव्हा सुरुवात घासण्यानं नको, बघण्यानं करा. आजकालच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण वहीच्या एका कागदाएवढी, आणि त्यात क्लिअर जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ऊन खातो तो हाच थर. पॉलिश म्हणजे या थराचा वरचा मेलेला पापुद्रा काढणं. थरच उरला नसेल तर काढणार काय?

सकाळी गाडी धुऊन, वाळवून तिरप्या उजेडात बघा. रंग सगळीकडे सारखा मंद दिसतोय, हात फिरवला की खडूसारखं लागतंय, पण पृष्ठभाग सलग आहे, तर काम घरी होईल. नकाशासारख्या कडा असलेले पांढरे चट्टे आहेत आणि त्या कडेला नख अडकतं, पापुद्रा सुटतो, तर क्लिअर गेलं. तिथं कोणतंही पॉलिश, मेण किंवा खोबरेल तेल चालणार नाही. तेलानं दोन दिवस चकाकतं, मग त्यावर धूळ बसते. जुन्या एकथरी रंगाच्या गाडीत आणखी एक गोष्ट होते: पॉलिश लावलेल्या पांढऱ्या फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. त्यात घाबरण्यासारखं नाही, पण हात हलका ठेवा.

आता धुणं. सगळ्यांत जास्त ओरखडे इथंच पडतात. काळ्या मातीची धूळ कोरड्या गमछ्यानं पुसायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, मलाही होती. त्या धुळीतले बारीक खडे क्लिअरवर वॉटर पेपरसारखे, म्हणजे घासायच्या खरखरीत कागदासारखे चालतात. आधी नुसत्या पाण्यानं माती सोडवा, मग कार शाम्पू. कपड्यांची पावडर नको. दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खंगाळायचं साधं पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर ते अंगावर वाळू देऊ नका, लगेच मायक्रोफायबरनं टिपून घ्या. वाळलं की क्षारांचे गोल डाग राहतात. ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन एक-दोन मिनिटं ओलं फडकं ठेवल्यावर सुटतात; मग भरपूर पाण्यानं धुवा. पावसाळ्यात पन्हाळीखाली ड्रम भरून ठेवला असेल तर शेवटची धुलाई त्या पाण्यानं करा, डाग पडतच नाहीत.

पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याच्या झाडाखालचा चिकटा हे वेगळं दुखणं. मोहोरावर तुडतुडे आले की पानांवरून गोड चिकट थेंब गळतात, त्यावर धूळ आणि काजळी बसते. दोन्हींवर ओलं कापड दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचला, रगडू नका. विष्ठा उन्हात तशीच राहिली तर क्लिअरमध्ये खळगा पडतो आणि तो धुण्यानं जात नाही.

धुतल्यावरही तळहाताला खरखर लागत असेल तर क्ले बार वापरा. मळलेल्या कणकेसारखी ती वडी शाम्पूच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं सरळ रेषेत फिरवायची, अडकलेले कण ती ओढून घेते. मळकी झाली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. अंगणात खाली पडली तर टाकून द्या. मी एकदा धुऊन परत वापरली होती, त्याच्या रेघा दारावर अजून आहेत.

मग खरं काम, कंपाउंड, म्हणजे मेलेला पापुद्रा घासून काढणारी जाडसर पॉलिशची पेस्ट. पत्रा थंड हवा, म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा सावलीत. काच, रबर आणि पत्र्याच्या धारदार कडांना मास्किंग टेप लावा. कडांवर रंग पातळ असतो, तिथंच आधी उघडा पडतो. दोन बाय दोन फुटांचा तुकडा घ्या, फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे चार ठिपके, आधी आडवं मग उभं फिरवा, वाळायच्या आत पुसा. पहिला तुकडा न दिसणाऱ्या जागी करून बघा. दोन फेऱ्यांत फरक दिसला की थांबा. हातानं पूर्ण गाडीला दोन दिवस लागतात. मशीन वापरायचं तर पॉलिशिंगचंच. वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरला पॅड बसवून देणारे भेटतील. त्याचे फेरे मिनिटाला दहा हजारांच्या वर, रंग डोळ्यांदेखत जळतो. कंपाउंडनंतर बारीक पॉलिश, आणि त्यावर वॅक्स (मेण) किंवा सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम संरक्षक लेप. आपल्या उन्हात वॅक्स महिना-दोन महिने टिकलं तरी खूप, सीलंटवर थोडे पैसे जास्त गेले तरी परवडतं.

दगडाचा टिपका उडून गंज दिसत असेल तर तेवढीच जागा वॉटर पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडा, मग प्रायमर, रंग आणि क्लिअर, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. तो फोटो काढून न्या. गारपिटीचे पोचे पडलेत पण रंग फुटला नाही, तर लांबी (पुट्टी) भरायची घाई करू नका, रंग न काढता आतून पोचा उचलणारे कारागीर शहरात भेटतात.

क्लिअर गेलेल्या भागाला मात्र पूर्ण पॅनेल रंगवावा लागतो, नुसता चट्टा रंगवला की कडा पुन्हा दिसतात. हे काम पावसाळ्यात देऊ नका, ओल्या हवेत क्लिअर दुधाळ पडतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा बरा काळ. दोन डब्यांचं, हार्डनर मिसळायचं क्लिअर घरी फवारू नका. त्यातली वाफ फुप्फुसाला घातक असते आणि तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा ती अडवत नाही.

माझं बॉनेट आणि टप असेच नोव्हेंबरात पेंटरकडे जाणार. दारं मात्र घरीच झाली, लाल पुन्हा लाल दिसतो. तोवर गाडी चार बल्ल्यांवर बांधलेल्या हिरव्या शेडनेटखाली उभी आहे. आधी ताडपत्री घातली होती, पण ती वाऱ्यानं फडफडून टपाला घासत होती आणि सकाळी उचलली की खाली घाम आलेला असायचा.