बीजभाषणाआधीची दोन मिनिटं: वक्त्याची ओळख करून देताना या चुका टाळा

मेडिकल एज्युकेशन युनिटच्या परिषदेत सूत्रसंचालन कोणाकडे जाणार, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं. जिला गेल्या वर्षी 'नाही' म्हणता आलं नव्हतं, तिच्याकडे. त्यामुळे बीजभाषणाच्या वक्त्यांची ओळख करून देण्याचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या माझ्या स्वतःच्या आहेत.

परिचय आणि सत्कार यांची गल्लत

ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याच हिच्याच पोटातून येतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह हे पाहुण्यांसाठी असतं. परिचय समोर बसलेल्यांसाठी असतो. आपण मात्र पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पाठवलेला चार पानी बायोडेटा जसाच्या तसा वाचतो. मोठ्याने वाचताना मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द होतात. चार पानं म्हणजे दहा मिनिटं सहज गेली, आणि ती कापली जातात वक्त्याच्याच चाळीस मिनिटांतून. उद्घाटन आधीच अर्धा तास लांबलेलं असतं, ते वेगळंच.

सभागृहाला एवढंच हवं असतं: या विषयावर याच व्यक्तीला का बोलावलं? विषय ऑस्कीचा (विद्यार्थी एकेका टेबलावर ठरावीक काम करून दाखवतात, ती प्रात्यक्षिक परीक्षा) असेल तर 'यांचे १४० शोधनिबंध प्रसिद्ध आहेत' याने कोणी मान वर करत नाही. 'यांच्या कॉलेजात दीडशे विद्यार्थ्यांची ऑस्की एका दिवसात आटोपते' म्हणा, मागच्या रांगेतले सर्जनसुद्धा मोबाइल खाली ठेवतील. असं एक वाक्य बायोडेटात सापडत नाही. त्यासाठी वक्त्याला आठवडाभर आधी फोन करावा लागतो आणि सरळ विचारावं लागतं, 'सर, या विषयात तुम्ही स्वतः काय करून पाहिलंत?' पाच मिनिटांत काम होतं. लिहून काढल्यावर मजकूर अडीचशे शब्दांच्या वर गेला, तर कात्री लावा.

भाषण आधीच करून टाकणं

एका परिषदेत विषय मूल्यमापनाचा होता. मी हौसेने वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांचा, विद्यार्थ्याची तयारी मोजण्याच्या पायऱ्या दाखवणारा १९९०चा पिरॅमिड समजावून सांगितला: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्ष कामात करतो. चारही पायऱ्या, उदाहरणांसकट. टाळ्या पडल्या. वक्त्या मॅडम उठल्या, क्लिकर दाबला आणि पडद्यावर पहिली स्लाइड आली. तोच पिरॅमिड. 'हे तर तुम्हाला आत्ताच कळलंय,' असं म्हणून त्या हसत पुढे गेल्या, पण मला खुर्चीत बसवेना. विषयाचं महत्त्व एका वाक्यात सांगा. आशय वक्त्यासाठी सोडा.

नावं

आपली आडनावं रोमन लिपीत गेली की घात होतो. परप्रांतातून आलेल्या रेसिडेंट डॉक्टरच्या हातात कार्ड दिलं तर दाते 'डेट' होतात, काणे 'केन' आणि मोरे 'मोअर'. आपण तरी कुठे कमी? दक्षिणेकडच्या नावांत रोमन लिपीतलं 'झेड-एच' दिसलं की बिनधास्त 'झ' म्हणतो. तो उच्चार आपल्या 'ळ'च्या कितीतरी जवळचा आहे. कोझिकोड हे तिथल्या माणसाच्या तोंडी कोळिकोडसारखं ऐकू येतं. मराठी माणसाला 'ळ' जड जायला नको खरं तर. तमिळ नावाआधीचं आद्याक्षर बहुतेक वेळा वडिलांच्या नावाचं असतं, तेव्हा त्याला आडनाव समजून 'डॉ. आर.' अशी हाक मारू नका.

उपाय एकच: वक्त्याकडून नाव व्हॉइस नोटवर मागवा आणि कार्डावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहा. बाकी परिचय इंग्रजीत असला तरी.

पदव्यांचंही तसंच. 'फेमर' ही वैद्यकीय शिक्षकांना फेलोशिप देणारी अमेरिकन संस्था, आणि 'फीमर' म्हणजे मांडीचं हाड. 'फेमर फेलो' हे मी एकदा 'फीमर फेलो' असं वाचलं. अस्थिरोग विभागाची अख्खी रांग हसली. शिवाय फेमरची फेलोशिप म्हणजे अमेरिकेत जाऊन घेतलेली पदवी, असं परस्पर ठरवू नका. तिचं मूळ फिलाडेल्फियाचं असलं, तरी परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून फेमरची प्रादेशिक संस्था आहे.

'डॉक्टर' कोणाला, 'मॅडम' कोणाला

व्यासपीठावर तीन पाहुणे. दोघे 'प्रोफेसर डॉक्टर अमुक' आणि तिसऱ्या 'आपल्या सर्वांच्या लाडक्या मॅडम'. हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयातल्या ग्रँड राउंड्सच्या (डॉक्टरांसाठीच्या नियमित व्याख्यानांच्या) ध्वनिचित्रफितींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळख करून देणारे पुरुष असले तर पुरुष वक्त्याचं नाव पदवीसकट घेण्याचं प्रमाण ७२ टक्के होतं, स्त्री वक्त्याचं ४९ टक्के. ओळख करून देणाऱ्या स्त्रिया मात्र ९६ टक्के वेळा पदवी लावत होत्या, समोर कोणीही असो. तेव्हा कार्ड लिहितानाच सगळ्यांना एक नियम लावा. आणि वक्त्या बाईंच्या परिचयात त्यांचे पती कोणत्या विभागाचे प्रमुख आहेत, हे कृपया नको. साडीचं कौतुकही चहाच्या वेळी करा.

शिळा बायोडेटा

इंटरनेटवरून उचललेला परिचय किती जुना आहे, हे ओळखायची एक खूण सांगते. त्यात 'सध्या एमसीआयच्या समितीवर' असं असेल तर तो किमान सप्टेंबर २०२० पूर्वीचा आहे. तेव्हा एमसीआय, म्हणजे भारतीय वैद्यकीय परिषद, जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. मधल्या काळात वक्ते अधिष्ठाता झाले असतील किंवा निवृत्तही. आदल्या दिवशी फक्त 'सध्याचं पद हेच ना?' एवढा मेसेज टाका.

ऐनवेळी घोळ झाला तर

पेन ड्राइव्ह उघडत नाही, म्हणून परिचय ताणत बसू नका. अशा वेळी चारोळ्या आणि शायरी बाहेर पडतात आणि त्या सहसा वाईट असतात. प्रेझेंटेशन पडद्यावर दिसल्याशिवाय परिचय सुरूच करायचा नाही, म्हणजे ही वेळ येत नाही. वक्ता ऑनलाइन असेल तर आवाज दोन्हीकडून येतोय ना, हे आधी पाहा.

नाव चुकलंच तर लगेच, त्याच दमात, बरोबर नाव घ्या आणि पुढे जा. लांबलचक माफीने चूक सगळ्यांच्या लक्षात राहते. वक्ता ऐनवेळी बदलला, तर नव्या वक्त्याला 'अमुक सर येऊ शकले नाहीत म्हणून' असं आणू नका; त्यांचं या विषयातलं काम सांगा. त्यासाठी खिशात प्रत्येक वक्त्याचा तीन ओळींचा परिचय ठेवा. वेळ संपत आली की तोच वाचायचा असतो.

नाव शेवटी घ्या. ते घेतलं की माइक वक्त्याच्या उंचीला लावा, एक पाऊल बाजूला सरका आणि वक्ता पोडियमपर्यंत पोचेपर्यंत टाळ्या थांबवू नका. तुमचं कार्ड मात्र उचलून घ्या. मी एकदा ते तिथेच विसरले होते, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'हे सर फार बोलतात, ४० मिनिटांनी चिठ्ठी पाठवणे.'