घोड्याच्या गुडघ्याचा एक्स-रे: कोणता कोन, कोणतं हाड

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा रचनेने माणसाच्या मनगटाशी जुळतो. त्यात सात-आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात आणि कुठूनही फोटो घेतला तरी काही हाडं दुसऱ्यांच्या मागे लपतातच. म्हणून 'गुडघ्याचा एक एक्स-रे काढा' एवढ्याने भागत नाही. कोणत्या कोनातून कोणतं हाड कडेला येतं, म्हणजे त्याची कड दुसऱ्या हाडामागे न लपता उघडी दिसते, हे आधी पक्कं हवं.

आधी हाडं

या लहान हाडांना कार्पल म्हणतात. वरच्या ओळीत आतून बाहेर रेडियल, इंटरमीडिएट आणि अल्नर, शिवाय मागे उठून दिसणारं ॲक्सेसरी. खालच्या ओळीत दुसरं, तिसरं आणि चौथं कार्पल. पहिलं कार्पल काही घोड्यांतच असतं. सांधे तीन: रेडियस (गुडघ्याच्या वरचं लांब हाड) आणि वरची ओळ यांच्यातला, दोन ओळींमधला, आणि खालची ओळ व नळीचं हाड (गुडघ्याच्या खालचं लांब हाड) यांच्यातला. पहिले दोन भरपूर वाकतात, तिसरा जवळपास हलतच नाही.

भरधाव पळताना गुडघा मागे ताणला जातो आणि हाडांच्या पुढच्या कडा एकमेकांवर दाबल्या जातात. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या थरोब्रेडसारख्या घोड्यांत इजा बहुधा मधल्या सांध्यात, पुढच्या-आतल्या बाजूला सापडते: रेडियल कार्पलची खालची कड आणि तिसऱ्या कार्पलचा वरचा भाग. नजर सर्वांत आधी तिथे जावी.

तयारी

१. बँडेज काढा, चिखल झाडा, केस कोरडे करा. ओले केस आणि वाळलेला चिखल फोटोत डागांसारखे उमटतात, औषधाचा लेपही दिसतो.

२. घोडा सपाट, कठीण जमिनीवर उभा करा. दोन्ही पुढच्या पायांवर सारखा भार आणि नळी उभी सरळ हवी. गुंगीचं औषध पशुवैद्यकानेच द्यावं. मात्रा जास्त झाली तर घोडा झुलतो आणि फोटो हलतो.

३. हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रेआधी पाय बधिर करू नये. वेदना गेली की घोडा पूर्ण भार टाकतो आणि नुसती चीर असलेलं हाड सरकू शकतं.

४. प्लेट (जिच्यावर फोटो उमटतो ती) हातात धरू नका, लांब दांड्याच्या धारकात बसवा. शिशाचा एप्रन विखुरलेल्या किरणांपासून वाचवतो, थेट झोतापासून नाही. झोत प्लेटपेक्षा लहान ठेवा. स्रोतापासून १ मीटरऐवजी २ मीटरवर उभं राहिलं तर मात्रा चौथाईवर येते, म्हणून ज्याचं काम नाही त्याने लांब जावं. गर्भवती स्त्री आणि १८ वर्षांखालील मुलं तिथे नकोतच. नेहमी हे काम करणाऱ्यांच्या अंगावर मात्रा मोजणारा बॅज हवा.

फोटो

समोरून: झोत आडवा, प्लेट गुडघ्याच्या मागे. दिशा खुरावरून ठरवू नका. अनेक घोड्यांचे खूर बाहेर वळलेले असतात. गुडघ्याचा पुढचा सपाट भाग पाहा आणि झोत त्याला काटकोनात ठेवा.

बाजूने: झोत बाहेरून, प्लेट आतल्या बाजूला. इथे सगळ्या हाडांच्या पुढच्या कडा एका रेषेत येतात. तुकडा दिसला तरी तो कोणत्या हाडाचा, हे या फोटोवरून सांगता येत नाही.

तिरके दोन: समोरच्या जागेवरून यंत्र बाहेरच्या बाजूला ४५ ते ६० अंश सरकवा. गोंधळ होतो तो इथेच. बाहेरून तिरका झोत टाकला की कडेला येतो पुढचा-*आतला* भाग. म्हणजे वर सांगितलेली धोक्याची जागा याच फोटोत उघडी पडते. एकच तिरका फोटो शक्य असेल तर हाच घ्यावा. उलट बाजूने घेतलेल्या तिरक्या फोटोत पुढचा-बाहेरचा भाग येतो.

वाकवून बाजूने: पाय उचलून गुडघा वाकवा, पण तो शरीराच्या खालीच ठेवा. बाहेर ओढला की फोटो तिरका येतो. वाकवल्यावर इंटरमीडिएट वर सरकतं, रेडियल खाली राहतं. दोन्हींच्या कडा वेगळ्या झाल्या की तुकडा कोणाचा ते कळतं. मोठ्या फ्रॅक्चरची शंका असेल तर मात्र जोर लावून वाकवू नये.

वरून: गुडघा वाकवलेला, नळी आडवी, प्लेट तिच्याखाली आडवी आणि गुडघ्याच्या पुढे आलेली. झोत आणि प्लेट यांतला कोन रेडियसच्या खालच्या टोकासाठी सुमारे ८५ अंश, वरच्या ओळीसाठी ५५, खालच्या ओळीसाठी ३० ते ३५. तिसऱ्या कार्पलमधली उभी चीर किंवा हाड घट्ट होऊन आलेला पांढरेपणा कधी कधी फक्त याच फोटोत दिसतो. कष्टाचा म्हणून हा फोटो सोडून देतात, पण रेसच्या घोड्यात तो सोडू नये.

समोरच्या आणि तिरक्या फोटोंत खूणचिठ्ठी पायाच्या बाहेरच्या बाजूला लावा, बाजूच्या फोटोंत पुढे. डावा की उजवा हे फोटो काढतानाच नोंदवा. नंतर संगणकावर आठवून टाकलेली खूण भरवशाची नसते.

वाचताना फसवणाऱ्या गोष्टी

मागच्या-आतल्या बाजूला, खालच्या ओळीजवळ लहान, गोल, गुळगुळीत कडांचं हाड दिसलं तर ते बहुधा पहिलं कार्पल असतं, तुकडा नव्हे. शिंगरात रेडियसच्या खालच्या टोकाजवळची आडवी काळी रेघ ही वाढीची पट्टी असते. ती साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास बंद होते. शंका आली की दुसऱ्या गुडघ्याचे तेच फोटो काढून शेजारी ठेवा. रेसच्या घोड्यात दोन्ही गुडघे दुखावलेले असणं नवं नाही, त्यामुळे हा खर्च वाया जात नाही.

घोडा स्पष्ट लंगडतो, गुडघा सुजला आहे आणि फोटो मात्र स्वच्छ, असंही होतं. बारीक चीर पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. कडांचं हाड थोडं विरघळल्यावर ती उघड होते. घोड्याला तबेल्यातच विश्रांती द्या आणि १० ते १४ दिवसांनी त्याच कोनांतून पुन्हा फोटो घ्या.